होडी लागली

आज वाळत घातलेल्या बोंबलांचा वास आला आणि धाकट्या डहाणूतली ती वादळी संध्याकाळ आठवली. तलासरीच्या शेतकरी घरातून मी नुकतीच सून होऊन आले होते. नवरा आणि सासरे दर्यावर होते. शेजारी फोन वाजला, तो मीच उचलला. खरखरीतून कुणीतरी म्हणालं, “होडी नरपडला लागली,” आणि फोन बंद पडला.

लागली म्हणजे खडकावर आपटली, असंच मला वाटलं. धावत घरी आले. सासूबाईंना ऐकलं तसंच सांगितलं. ऐकून त्यांनी मला जवळ घेतलं. “अगं, लागली म्हणजे नरपडच्या किनाऱ्याला आली.”

आता मुलगा दर्यावर असतो. त्याचा फोन आला की मी सुनेला आधी सांगते, “सगळे सुखरूप आहेत.” होडीचं नंतर.