टीव्हीवर लावलेला मान

मानकोलीच्या ज्या गोदामासाठी मी सॉफ्टवेअर लिहिलं, तिथे गेटवर रोज डोकी फुटायची. ट्रक आधी कुणाचा भरायचा, एवढाच प्रश्न, आणि ज्याचा हात आधी उठेल त्याचं उत्तर खरं. एकदा एका क्लीनरचा दात माझ्या चपलेपाशी येऊन पडला. माझा मोठा चुलतभाऊ, आमचा दादा, तिथे सुपरवायझर. शेलार गावात आमच्या घरांची भिंत एकच. त्यानंच मला बोलावलं होतं. "बाय, काय तरी कर. न्हाय तर एक दिवस माझंच मढं निघंल इथून."

मी केलं. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर गाडीचा नंबर टाकायचा, सॉफ्टवेअर पाळी ठरवणार आणि गेटवरच्या टीव्हीवर दाखवणार. ड्रायव्हर आईबहिणीवरून शिव्या घालायचे, पण कॉम्प्युटरची कॉलर कोण धरणार? मारामाऱ्या निवल्या.

मग फर्माइशी सुरू झाल्या. औषधांची गाडी आधी, आइस्क्रीमची त्याच्याही आधी, सणाला आणखी वेगळं. दर वेळी दादाचा फोन यायचा आणि मी काल्हेरच्या खड्ड्यांतून स्कूटर हाणत हजर. शेवटी वैतागून मी सॉफ्टवेअरमध्ये एक खिडकी उघडून दिली. तिच्यात वापरणाऱ्यानं आपली छोटी स्क्रिप्ट स्वतःच लिहायची: गाडी अशी असेल तर पाळी अशी, टीव्हीवर अक्षरं अशी. बाकीचं माझा प्रोग्राम बघणार. लिहिणारा चुकला तरी प्रोग्राम बंद पडू नये म्हणून मी जिवाचं रान केलं. दादा हट्टी माणूस. बघता बघता तो स्क्रिप्टा लिहायला लागला आणि मी गावभर त्याचं कौतुक सांगत सुटले.

आता इथला एक रिवाज. ज्या भावांच्या भातशेतीवर हे गोदाम उभं आहे, त्यांच्या गाड्या आधी भरतात. हे कुणी बोलत नाही, कुणी विचारत नाही. दादा त्यांचे नंबर गुपचूप वर सरकवायचा आणि ड्रायव्हर तेवढ्यापुरते दुसरीकडे बघायचे. तोच रिवाज दादानं स्क्रिप्टमध्ये घातला. तिथेच थांबला असता तर काही बिघडलं नसतं. पण जत्रेत पालखीचा पहिला खांदा कुणाचा हे माइकवर पुकारतात ना, तसा हा मानही चारचौघांत दिसायला हवा, असं त्याला मनापासून वाटलं. त्यानं टीव्हीवर लाल अक्षरं सोडली, आणि सगळ्यांना कळावं म्हणून हिंदीत: 'जमीनवालों का मान पहला'.

त्या दुपारी मी ऑफिसातच होते. सकाळपासून उन्हात रांगेत उभा असलेला एक ड्रायव्हर टीव्हीसमोर आला. त्यानं ती ओळ मोठ्यानं वाचली. "इनका मान, और हम क्या कुत्ते हैं?" आणि चाक खोलायची लोखंडी टामी त्यानं टीव्हीत घातली.

जमीनवाल्यांतला धाकटा भाऊ आपला मान बघायला मुद्दाम पोरं घेऊन आला होता. त्यानं ड्रायव्हरच्या पोटात लाथ घातली. मग प्रत्येक केबिनमधून एकेक ड्रायव्हर उतरला. दांडे, दगड, पट्टे. कुणाच्या भुवईवरून रक्त गळत होतं आणि तो ते न पुसताच दुसऱ्याला हाणत होता. दादा मध्ये धावला. "थांबा रं, मी काढतो, आत्ता काढतो!" त्याच ड्रायव्हरची टामी दादाच्या उजव्या हातावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मला ऑफिसात ऐकू आला. मी भिंतीवरचं आग विझवायचं नळकांडं उपसलं आणि सगळ्यांच्या तोंडावर पांढरी पावडर सोडली. डोळे चोळत, खोकत ते पांगले. बाईमाणूस म्हणून मला कुणी हात लावला नाही, आणि तेव्हा मला त्याचीही चीड आली.

दादा प्लास्टर घालून कामावर आला तेव्हा जमीनवाल्यांतला तो धाकटा भाऊ टेबलावर ठाण मांडून बसला होता. "टीव्ही आमी नवा देतू. अक्षरा तीच पायजेत." गेटवर ड्रायव्हर सांगत होते, अक्षरं दिसली तर दुसरा हातही तोडू. दादाला राहायचं इथेच. तो जाणार कुठे?

"बाय, ती खिडकीच काढून टाक," तो मला म्हणाला. "मंग दोघांना बी सांगीन, मशीन माझं आयकत न्हाय."

इतक्या महिन्यांची मेहनत मी त्याच्यासमोर बसून उपटून काढली. रडू आलं. आवरलं नाही.

पुढे एकदा बिलासाठी गेले. नव्या टीव्हीवर पहिल्या पाळीला कुठल्या तरी परगावच्या गाडीचा नंबर होता. तेवढ्यात जमीनवाल्यांची गाडी आली. दादा गेटवर गेला आणि डाव्या हातानं नुसती खूण केली. रांग मुकाट्यानं मागे सरकली. सगळ्यांत आधी गाडी मागे घेतली ती टामीवाल्यानं. तिथून त्यानं दादाला सलामही केला. दादानं उजवा हात उचलला. त्याची बोटं आता पुरती मिटत नाहीत.

"बघ, कसं शांत हाय," दादा म्हणाला.

मला असा संताप आला, की वाटलं, टामी घ्यावी आणि त्याचा दुसरा हात आपणच मोडावा.