तिसऱ्या विहिरीचा रकाना

माझा मित्र मधुकर गेल्याचं त्याच्या शाळेचा शिपाई सांगायला आला, तेव्हा मी घराच्या छपरावर कौलं चाळत होतो. त्याच कौलांपायी मी आदल्या रविवारी त्याच्याबरोबर गेलो नव्हतो. आज सहा आठवडे झाले...

मधुकर चिखलीला मराठी शिकवायचा आणि सुट्टीच्या दिवशी बैलांच्या मोटेवरची गाणी लिहून घ्यायचा. विहिरींवर पाणी उपसायची इंजिनं बसू लागली होती; मोट थांबली की गाणंही जाईल, ही त्याची धास्ती. अमडापूरच्या रहीमचाचांना आम्ही ओसरीवर बसवून गायला सांगितलं, तर ते दोन शब्दांवरच अडले. "मास्तर, बसून नाई येत हे. बैल काय तुमच्या वहीत चालतीन?" असं म्हणत हसत मोटेकडे गेले. बैल मोट ओढत धावेच्या, म्हणजे विहिरीपासून उतरत जाणाऱ्या त्यांच्या वाटेच्या, उतारावर चालू लागले आणि चाचांनी ओळीचं शेवटचं अक्षर लांबवत नेलं, ते मोट वर येईपर्यंत. "गजा, मोज बे!" मधुकर ओरडला. मी मोजणी खात्यातला माणूस. बैलांच्या बाजूने चाललो. सतरा पावलं. दुसऱ्या गावची विहीर जास्त खोल. तिथे तीच ओळ बावीस पावलं चालली. विहीर खोल तशी ओळ लांब, असं मधुकरला वाटू लागलं.

"दोनावरून कसं सांगतं? तीन तरी पाह्यजेत," मी म्हणालो.

"तू तं देवालेबी पावती मागशीन," तो म्हणाला. पण त्याला पटलं.

तिसरी विहीर मोताळ्याजवळ सापडली. तिथे सोमवारी इंजिन बसणार होतं. "कवलं उतरवून बसलो आहो, पुढच्या आयतवारी जाऊ," मी म्हणालो. "पुढच्या आयतवारी काय इंजिनाचं गानं आयकतं?" एवढं बोलून तो चहा न घेताच निघाला. एकटाच गेला. बुधवारी त्याचं हृदय बंद पडलं.

वहिनींनी त्याची वही मला दिली. तिसऱ्या विहिरीवरचे शब्द त्याने पूर्ण लिहिले आहेत. पण लिहिणाऱ्याला बैलांबरोबर चालता येत नाही. पावलांच्या रकान्यात पेन्सिलीने एवढंच आहे : 'गजा'.

मागच्या आठवड्यात मी तिथे जाऊन आलो. इंजिन भकभकत होतं. विहिरीच्या मालकाला गाऊन दाखवायला सांगितलं. "कसं गाऊ भाऊ? बैल इकले." धाव मात्र अजून आहे. मी एकटाच ती चाललो. पंचवीस पावलं.

वही माझ्या टेबलावर आहे. रकान्यात पंचवीस लिहिता आलं असतं. पण ते धावेचं माप झालं असतं, ओळीचं नाही. 'गजा' तसंच राहू दिलं आहे.