सातव्या जागेवरचा मेव्हणा

आमच्या कॉलेजला मुकुंदवाडीकडची जमीन देणाऱ्या दादांना संस्थेत पद नको होतं, असं दरवर्षी वर्धापनदिनी सांगतात. ते खरं नाही. त्यांना पद हवं होतं. ते माझ्यामुळं मिळालं नाही.

संस्थेची नोंदणी करायला सात जण लागत. सातवे दादाच होते. सह्यांच्या दिवशी ते ज्वारीच्या खळ्यावर अडकले आणि औरंगपुऱ्यातले आमचे वकील खोळंबले. सचिव मी होतो. मी मेव्हण्याची सही घेतली. पुढं त्याचा राजीनामा घेऊन दादांचं नाव घालू, असं मनात होतं.

मेव्हण्यानं राजीनामा दिलाच नाही. बायकोच्या भावाला ऊठ म्हणायची माझी हिंमत झाली नाही. काही वर्षांनी तो अध्यक्ष झाला.

दादा एकदा घरी आले. मी म्हणालो, "अजून थोडं थांबा."

ते हसले. "पंगतीतून पाव्हण्याला उठवता येत नाय, मला बी कळतं. पण वावर दिलं ते गावच्या पोरींनी शिकावं म्हणून. फी वाढवायला बसाल तवा त्यांच्या बाजूनं बोलाया कुणी नको व्हय? मला नुस्तं बसू द्या."

पुढच्या बैठकीला मी त्यांना घेऊन गेलो. मेव्हणा म्हणाला, "भावजी, सभासदाशिवाय कुणाला बसता येत नाही. घटना तुम्हीच लिहिलीय."

दादा उठून बाहेर गेले. आत आम्ही फी वाढवली. मीही हात वर केला.