नवमीला दाबलेला ब्रोच

दिगंबर चौगुले वर्कशॉपात जन्मला, असं तो स्वतः सांगायचा. खरी गोष्ट एवढीच, की कागलजवळ त्याच्या चुलत्याची दोन लेथ होती आणि हा सुट्टीत तिथं खराट्यानं लोखंडाचा कीस झाडायचा, चहा आणायचा आणि शिव्या खायचा. मास्टर्स करायला अमेरिकेत ॲन आर्बरला येताना त्यानं तो खराटा वाटेत कुठंतरी टाकला आणि नुसतं वर्कशॉप तेवढं बरोबर आणलं.

मला त्याला हसायचं तोंड न्हाई. मी गडहिंग्लजकडचा, त्याचा रूममेट, मीही मेकॅनिकलचाच. म्हणजे संगणकाच्या पडद्यावर मी शेकडो गिअर फोडलेत. खरा गिअर हातात दिला तर तो कुठनं धरायचा, हे आधी बाजूच्याला विचारीन. असल्या दोन मर्दांनी मिळून कोल्हापूर जिल्ह्याचं नाव मिशिगनात काढायचं ठरवलं होतं.

दोन हजार चारचा ऑक्टोबर. दिगंबरच्या प्रयोगाचं यंत्र जवळजवळ जुळून आलं होतं. राहिलं होतं एकच काम. पोलादी चाकाच्या मधल्या भोकात एक सरळ, चौकोनी खाच पाडायची. त्या खाचेत पट्टी बसली, की चाक शाफ्टवर गरागरा न फिरता शाफ्टबरोबर फिरणार. असली खाच ब्रोचनं पाडतात. ब्रोच म्हणजे हातभर लांब पोलादी दांडा, एका अंगाला ओळीनं दात. पुढच्या दातापेक्षा मागचा दात केसभर उंच. भोकात बुश, म्हणजे खोबण पाडलेला गोल ठोकळा, बसवायचा, त्याच्या खोबणीतनं ब्रोच सरळ उभा सोडायचा आणि वरनं हातानं फिरवायच्या प्रेसनं दाबत खाली न्यायचा. एकेक दात कांद्याच्या पापुद्र्यागत लोखंड सोलत जातो.

त्या चाकाला लागणारं खास पोलाद एकापुरतंच मिळालं होतं. दुसरा तुकडा यायला जानेवारी उजाडली असती. शिवाय दिगंबरच्या गळ्यात हिरवा बिल्ला होता. विद्यापीठाच्या वर्कशॉपचा मुख्य वॉल्टर ज्याला एकट्यानं मशीन चालवायची परवानगी देतो, त्याला तो मिळायचा. चाक गेलं किंवा बिल्ला गेला, की प्रयोग गेला. प्रयोग गेला, की मे महिन्यातली पदवी गेली. एवढं सगळं त्या एका खाचेवर येऊन बसलं होतं.

आणि त्या गुरुवारी आली खंडेनवमी.

चुलत्याच्या वर्कशॉपात त्या दिवशी लेथला हार, हत्यारांना हळदकुंकू, आणि दिवसभर कुणी हत्याराला हात लावायचा न्हाई. हत्यार सुट्टीवर. दिगंबर सकाळीच इंडियन दुकानातलं कुंकू आणि भिजवलेल्या अक्षता डबीत घालून वर्कशॉपात गेला. मी मागनं, पुरोहित म्हणून. मला एक सबंध मंत्र येत न्हाई, म्हणून मी येतं तेवढं मोठ्यानं म्हटलं. दिगंबरनं ब्रोचच्या दातांवर कुंकू असं चोपडलं आणि अक्षता अशा टाकल्या, जणू त्याचं लग्नच होतं.

दुपारी प्राध्यापकांचा निरोप आला, चाक उद्या बसवलेलं पाहिजे.

"आता रं?" मी म्हटलं. "हत्यार तर सुट्टीवर हाय."

दिगंबरनं घड्याळ बघितलं. बोटांवर तास मोजले. "कोल्हापुरात आता रात्रीचे बारा वाजून गेलं. तिकडं दसरा लागला. हत्यार कामावर परत आलं."

"आणि हितली नवमी?"

"हितं कुठली नवमी, मर्दा? हितं गुरुवार हाय."

"पण तिथी सूर्योदयाला धरत्यात न्हवं?"

"पूजा कुठल्या पंचांगानं केली? कोल्हापूरच्या. मग सुट्टीबी कोल्हापूरच्या घड्याळानं संपणार."

मला ते पटलं. दीड पदवी असलेली माणसं कशानं पटतात, ते देवालाच ठाऊक.

चष्मे चढवले. बुश बसवला, ब्रोच उभा केला, दातांना तेल लावलं. दिगंबरनं प्रेसचा दांडा ओढला. पहिले दात सुरेख उतरले. लोखंडाची साल गोल वळत दातामागच्या खळगीत बसत होती. "बघितलास? रक्तातच हाय," तो म्हणाला. तेवढ्यात ब्रोच थांबला. निम्मा वर, निम्मा चाकात.

त्यानं जोर लावला. ब्रोच जागचा हलला न्हाई, नुसता कुरकुरला.

आता ह्या पुराणात माझं काम येतं. कोपऱ्यात एक लांब लोखंडी पाइप होता. तो दांड्यावर चढवला की जोर दुप्पट होणार, हे मला पुस्तकातनं ठाऊक होतं. मी तो पाइप उचलून आणला. अमेरिकेतल्या माझ्या यंत्रशिक्षणातलं ते एकमेव प्रत्यक्ष काम.

दिगंबरनं पाइप चढवला. मग हात तसाच ठेवून उभा राहिला. वॉल्टरनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं: अडकला तर जोर न्हाई, हातोडी न्हाई. कडक केलेलं पोलाद वाकत न्हाई, फुटतं आणि तुकडे तोंडावर येतात. थांबा आणि मला बोलवा.

"बोलवलं तर बिल्ला जाणार," दिगंबर म्हणाला.

"आणि फुटला तर?"

"चाक जाणार. आणि तुझं थोबाड. तू बरोबर समोरच हुबा हाईस."

मी दोन पावलं बाजूला झालो. माझा सल्ला मी असा पायांनी दिला. दिगंबरनं पाइप काढला, भिंतीला टेकवला आणि वॉल्टरला हाक मारली.

वॉल्टर आला. उंच, दाढीवाला, कमी बोलणारा. दातांच्या खळग्यांत लालभडक चिकटलेलं बघून त्याचा चेहराच उतरला. त्यानं दिगंबरचे दोन्ही हात मनगटाला धरून उलटेसुलटे केले. बोटंही लाल होती.

"बोटानं दात पुसलेस? कुठं कापलंय? किती खोल?"

"रक्त नाही," दिगंबर म्हणाला. "पूजा आहे."

वॉल्टरनं माझ्याकडं बघितलं. मी पुरोहित, तेव्हा खुलासा माझ्याकडंच. मी म्हटलं, "आज हत्यारांना मान देतात."

वॉल्टरनं चाक उलटं करून नीट टेकवलं आणि ब्रोच आला त्या वाटेनं हलक्या हातानं मागं काढला. ब्रशनं एक खळगी झाडली. त्यातनं लोखंडाची साल, कुंकवाचा चिखल आणि तांदळाचा एक दाणा टेबलावर पडला. साल वळून बसायची जागा तांदळानं अडवली होती.

"हा भात आहे?"

"अक्षता," दिगंबर पुटपुटला.

"मान द्यायचा तर साफ ठेव," वॉल्टर म्हणाला. "हा पाइप इथं कसा आला?"

"चढवला होता. पुन्हा काढला."

वॉल्टरनं पाइप उचलून परत कोपऱ्यात ठेवला. मग त्यानं हात पुढं केला. दिगंबरनं हिरवा बिल्ला त्याच्या हातावर ठेवला. वॉल्टरच्या खिशातनं पिवळा निघाला: वॉल्टर शेजारी असेल तेव्हाच काम. नव्या पोरांना देतात तो.

"आता चष्मा घाल," वॉल्टर स्टूल ओढून बसला. "चाक अजून खराब झालेलं नाही. प्रत्येक गोष्ट करायच्या आधी मला बोलून दाखव."

दिगंबरनं सगळे दात ब्रशनं साफ केले, बुशची खोबणी पुसली, तेल लावलं. "प्रेसचं डोकं ब्रोचच्या बरोबर मधोमध," तो म्हणाला. "थोडं दाबायचं, दाब सोडायचा, ब्रोचला सरळ होऊ द्यायचं." गावच्या शाळेत पाढे म्हणताना असायचा तसला आवाज लागला होता त्याचा. ब्रोच आरपार आला, तो त्यानं खाली फडक्यावर झेलला. मग पुन्हा दात झाडले, ब्रोचच्या पाठीमागं पत्र्याची पातळ फीत सरकवली आणि दुसऱ्या फेरीत खाच खोल केली. पट्टी अंगठ्याच्या दाबानं आत गेली. हलवून बघितली, हलंना.

पुढच्या आठवड्यात प्राध्यापक आणि वॉल्टर यांच्यासमोर यंत्र फिरलं. प्राध्यापकांनी चाकावर वाकून बघितलं आणि विचारलं, "खाच तूच पाडलीस?"

दिगंबरनं वॉल्टरकडं बघितलं. वॉल्टर छताकडं बघत होता.

"निम्मी," दिगंबर म्हणाला.