मुठीखालचं अक्षर

काउंटरपलीकडे उभा राहून कुणी विचारलं, "अर्ल, जुन्या घाटाचं पंचेचाळीस बोअरचं पिस्तूल घ्यायचंय, कुठल्या कंपनीचं घेऊ?" की माझ्या डोक्यात तिडीक जाते. कारण त्याला उत्तर नको असतं. नाव त्याने घरी बसूनच ठरवलेलं असतं, माझ्याकडून नुसती मान डोलवून हवी असते. बावीस वर्षं मी वेनर्सबर्गमध्ये हे दुकान चालवतोय. अर्ध्या भागात खिळे, रंग आणि बर्फ उपसायची फावडी, अर्ध्यात बंदुका. एवढ्या वर्षांत पिस्तूल हातात घेऊन, तपासून मगच तोंड उघडणारं एकच माणूस मी पाहिलं. थेल्मा यानोसिक.

अख्खं गाव तिला तेटा म्हणतं. स्लोव्हाक लोक मावशीला तेटा म्हणतात, पण आमच्यातले जर्मनसुद्धा तिला तेटाच म्हणतात. वय त्र्याहत्तर, बांधा बुटका, खांदे ओझी वाहणाऱ्याचे, आणि जीभ अशी की पाद्रीसुद्धा रस्ता ओलांडून पलीकडे जातो. ती गावातल्या पेनरोज पिस्तूल कारखान्यात एकतीस वर्षं जुळणीच्या बाकावर होती. हे जुन्या घाटाचं पिस्तूल शंभर वर्षांपूर्वीच्या बेताचं. त्याचे भाग डबा आणि झाकणासारखे आपोआप बसत नाहीत. वरची स्लाइड खालच्या सांगाड्यावर कानस मारून, घासून, पुन्हा घासून बसवावी लागते. अडकता कामा नये आणि खडखडताही कामा नये. दुकान काढण्याआधी मी सहा वर्षं तिच्या शेजारच्या बाकावर होतो आणि सहाही वर्षं शिव्या खाल्ल्या. "अर्ल, कानस आहे ती, खराटा नाही!" हे वाक्य मी झोपेतही ऐकलंय.

बाकावरचा एक नियम होता. जुळणी झाली की मुठीची लाकडी फळी काढायची आणि तिच्याखाली, गिऱ्हाइकाला कधी दिसणार नाही अशा जागी, आपलं अक्षर कोरायचं. तेटाचं अक्षर म्हणजे टी आणि त्याखाली एक ठिपका. मी नवा होतो तेव्हा मला वाटलं, ही कारागिराची ऐट. तेटाने मला झापलं. "ऐट कसली, मूर्खा? पिस्तूल बिघडून परत आलं तर शिव्या कुणाला घालायच्या ते कळायला नको?"

अशी बाई गावाच्या नावासाठी जीव टाकायची. मी तेविसाव्या वर्षी जुनी जपानी गाडी घेतली, तर तेटा कारखान्याच्या फाटकात गाडीपुढे आडवी उभी राहिली. "ही इथे लावायची नाही. परक्यांचा माल घेतोस आणि पगार इथला खातोस?" पुढचं वर्षभर मी गाडी चर्चपाशी लावून पाऊण मैल चालत कामावर यायचो.

आणि मग अकरा वर्षांपूर्वी मालकांनी कारखाना विकला. यंत्रं ट्रकांवर चढून दक्षिणेला गेली, बाक लिलावात गेले, आणि पेनरोज हे नाव कुणा कोट घातलेल्या लोकांनी विकत घेतलं. आता त्या नावाची पिस्तुलं कुठल्याशा पत्र्याच्या शेडमध्ये तयार होतात. कडेला आमच्या वेळचाच उधळलेला घोडा कोरलेला, खोक्यात जाड कागदावर छापलेलं, "जुन्या कसबी हातांनी जुळवलेले." नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा! त्या कसबी हातांपैकी एक हात मी रोज दुकानात नट-बोल्ट विकताना वापरतो.

आमच्या बंबखान्याची दर वसंतात सोडत असते. बंबवाले सगळे बिनपगारी, त्यांचे बूट आणि पाइप या सोडतीच्या तिकिटांवर येतात. बक्षीस पिस्तुलाचं, आणि काचपेटीत त्याच्यापुढे एक कार्ड: "थेल्मा यानोसिकने तपासले." त्या कार्डावर तिकिटं खपायची. हे मी तिचं कौतुक म्हणून सांगत नाही, तिकिटं मीच विकायचो म्हणून सांगतो.

यंदा बंबखान्याला शंभर वर्षं झाली. दलाचा प्रमुख डुएन फ्राय मार्चमध्ये पत्रकांचा गठ्ठा घेऊन दुकानात आला. पत्रकावर पेनरोजचा घोडा आधीच छापलेला.

"डुएन, अजून पिस्तूल ठरायचंय," मी म्हणालो.

"ठरलंय. शंभर वर्षांचा सोहळा, गावाचं नाव नको? तेटाला बोलावलंय, ती फक्त बघून हो म्हणेल."

"तेटा फक्त बघून काहीही म्हणत नाही," मी म्हणालो.

तेटा आली तशी मी काउंटरवर कापड पसरून तिच्यासमोर तीन पिस्तुलं ठेवली. एक नवं पेनरोज. एक लॅशली, ओहायोतल्या चार माणसांच्या कारखान्यातलं, झकास, पण किंमत पेनरोजच्या तिप्पट. तिसरं बालेते, फिलिपिन्समधून आलेलं, पेनरोजच्या निम्म्यात. ते मी मुद्दाम ठेवलं होतं, आणि ठेवताना मला थोडी भीतीही वाटली होती.

डुएनने आधी पेनरोज उचललं आणि स्लाइड मागे ओढून खाडकन सोडून दिली. तेटाने त्याच्या मनगटावर फटका मारला. "रिकाम्यावर आपटतोस? घरची दारंही अशीच आपटतोस का? म्हणूनच बायको माहेरी असते तुझी."

मग तिने ते आपल्या हातात घेतलं. गोळ्यांचं मॅगझिन काढलं, आत बघितलं, स्लाइड हाताने सावकाश पुढे नेली आणि पिस्तूल कानाशी धरून हलवलं. आतून खडखड आली. तिने ते सुटं केलं, स्लाइडच्या आतल्या आकडीखाली एक रिकामी पुंगळी सरकवली आणि हलकेच झटका दिला. पुंगळी टुणकन काउंटरवर पडली. आकडीची पकड ढिली असली की उडालेली पुंगळी बाहेर निघत नाही आणि पिस्तूल ऐन वेळी अडकतं. मग तिने सांगाड्यावरचं तेल अंगठ्याने पुसलं. खाली खिट्टीपाशी चंद्रकोरीसारखी एक बारीक रेघ होती. खिट्टी बसवताना ज्याला कसं धरायचं ते ठाऊक नसतं, त्याच्या हातून ती उमटते. आम्ही तिला मूर्खाची रेघ म्हणतो. ती नवशिक्या गिऱ्हाइकाच्या पिस्तुलावर असते. कारखान्यातून आलेल्या नव्याकोऱ्या पिस्तुलावर मी ती पहिल्यांदाच पाहिली.

तेटाने ते कापडाच्या कडेला सारलं. तिने लॅशली बघितलं, पसंतीने मान हलवली, बाजूला ठेवलं. मग बालेते. ते उचलताना तिचं तोंड कडू औषध प्यायल्यासारखं झालं. हलवलं, आवाज नाही. पुंगळी लावून तीन झटके दिले, पुंगळी जागची हलली नाही. पुन्हा तीन दिले. तेव्हाही नाही.

"हे घ्या," ती म्हणाली, आणि तिला ते म्हणायचं नव्हतं हे तिच्या आवाजात ऐकू आलं.

डुएन हसलाच. "तेटा, अगं, थट्टा करतेस? बालेते? शंभराव्या वर्षी बंबखान्यात परदेशी पिस्तूल? लोक मला त्याच पाइपाने झोडपतील."

"मग पैसे जमवा आणि लॅशली घ्या. पण हा घोडा नको."

"गावाचं नाव आहे ते!"

"नाव गावाचं नाही. नाव विकलं. मी, तू, हा अर्ल, कुणालाच न विचारता विकलं. त्यात हात कुणाचे आहेत ते दाखव मला, मग सांग गावाचं म्हणून."

"तू आम्हाला वाढवलंस तेटा, आणि आज तूच परक्यांची बाजू घेतेस?"

"बाजू मालाची घेते, गाढवा. लग्न नाही लावत मी त्याच्याशी."

डुएन पत्रकं उचलून निघून गेला. मला वाटलं, विषय संपला. चूक माझी. डुएनला मी चाळीस वर्षं ओळखतो आणि तरी मला वाटलं विषय संपला.

ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत आमच्याकडे दर शुक्रवारी बंबखान्यात तळलेले मासे आणि पिरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, असतात. सगळं गाव रांगेत. त्या शुक्रवारी तेटा ताट घेऊन काचपेटीपाशी आली आणि थांबली. आत पेनरोज होतं, आणि त्याच्यापुढे कार्ड: "थेल्मा यानोसिकने तपासले."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. खोटं नव्हतं ना ते, तपासलं तर होतंच तिने! असली अर्धी सत्यं बोलणाऱ्याला खोटारड्याच्या दुप्पट मारलं पाहिजे असं माझं मत आहे.

तेटाने ताट पेटीवर ठेवलं. तिकिटांच्या टेबलावरचं पेन उचललं, पेटीची झडप उघडून कार्ड बाहेर काढलं आणि त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: "नापास." मग कार्ड जागेवर ठेवून झडप लावली.

रांगेतले माना उंचावून कार्ड वाचू लागले. डुएन स्वयंपाकघरातून एप्रन घालूनच धावत आला.

"तेटा! निम्मी तिकिटं खपली आहेत! तुझ्या नावावर खपली आहेत!"

"तेच तर म्हणते. माझं नाव काढ, नाहीतर तो घोडा काढ."

"आता दोन्हींतलं काहीच काढता येत नाही."

मागून कुणीतरी बोललं, "कंपनीने घरी बसवलं म्हणून जळते ती!"

तेटा वळली. "हो, जळते! एकतीस वर्षं माझं अक्षर गेलं त्या घोड्याखाली. बोटं वाकडी झाली माझी. मी नाही जळायचं तर कुणी, तू? तू तर कारखान्यात फक्त डबा खायला यायचास, हॅरी लुट्झ, आवाज ओळखते मी तुझा!"

हशा पिकला, पण ती हसली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "अर्ल, उद्या सातला दुकान उघड. ते पिस्तूल आण तिथे."

"कशाला?"

"नाव माझं लावलंय ना यांनी? मग ते नावाजोगं करायला नको?"

एकोणीस दिवस ती माझ्या दुकानातल्या मागच्या बाकावर बसली. सकाळी सात ते दुपारी एक. बोटांचे सांधे सुजलेले, गरम पाण्याच्या वाडग्यात हात बुडवायची, पुसायची, पुन्हा कानस. दक्षिणेच्या त्या शेडमधल्या प्रत्येकाचा ती इंग्रजीत आणि स्लोव्हाकमध्ये उद्धार करत होती. आकडी नवी बसवली, नळी नव्याने टेकवली, स्लाइड सांगाड्यावर घासून घासून लोण्यासारखी केली. पहिल्या दिवशी मुठीची फळी काढली तेव्हा खाली काहीच नव्हतं, कोरं लोखंड.

शेवटच्या दिवशी मी तिच्यापुढे कोरायची सुई ठेवली. "अक्षर?"

तिने सुई माझ्याकडे परत सरकवली. "या घोड्याखाली पुन्हा नाही. आणि त्या फळ्या बसव, खिट्टी नीट बसव, रेघ ओढलीस तर हात तोडीन."

कार्डावर तिने "नापास" खोडून खाली "पास" लिहिलं. मी गावात ज्याला-त्याला सांगत सुटलो की पिस्तूल तेटाने नव्याने जुळवलंय. लोक म्हणाले, "घासलं असेल कुठे थोडं. उगाच नखरे करत होती, शेवटी आली ना वळणावर!"

सोडत छप्पर शाकारणाऱ्या क्लाइड रूपला लागली. पिस्तुलाची कागदपत्रं माझ्या दुकानात झाली, आणि त्याच दुपारी सगळे नेमबाजी क्लबच्या मैदानावर जमले. क्लाइडने सात गोळ्या झाडल्या. सातही एका बशीत मावतील अशा बसल्या. त्याने पिस्तूल डोक्यावर धरून आरोळी ठोकली, "पेनरोज ते पेनरोज! कुठेही जाऊ दे, हात तोच!"

टाळ्या. शिट्ट्या. डुएनने फोटो काढला आणि म्हणाला, हाच पुढच्या वर्षीच्या पत्रकावर.

मी खुर्चीवरून उठलो. काय बोलणार होतो ते मला आठवतंय, इथे लिहिण्यासारखं नाही. तेटाने माझ्या शर्टाची बाही धरून मला खाली ओढलं. तिचा चेहरा लालबुंद झाला होता. "बस. तुझ्या ओरडण्याने त्यांना ऐकू येणार आहे का?"

सोमवारी सकाळी सातला ती दुकानाच्या दारात उभी.

"ते बालेते विकलंस?"

"नाही. कोण घेणार इथे?"

"मी. आण. आणि स्क्रूड्रायव्हर आण."

एकतीस वर्षं पिस्तुलं जुळवलेल्या या बाईच्या घरी एकही पिस्तूल नाही, हे मला ठाऊक होतं. मी ते कापडावर ठेवलं. तिने सुजलेल्या बोटांनी मुठीचा स्क्रू सोडवला, फळी उचलली आणि चष्मा वर सरकवून वाकून बघत राहिली. मीही वाकलो. लोखंडावर सुईने कोरलेलं एक बारीक अक्षर होतं, एम, आणि त्याच्या शेजारी एक आडवी रेघ.

तिने त्यावरून अंगठा फिरवला. एकदा, मग पुन्हा एकदा.

"तुझी ती जपानी गाडी," ती वर न बघता म्हणाली. "वर्षभर पावसात चालायला लावलं तुला."

"बर्फात," मी म्हणालो.

"बर्फात." तिने फळी परत बसवली, स्क्रू घट्ट केला आणि पिस्तूल माझ्याकडे सरकवलं. "भर कागद. हे बिघडलं तर शिव्या कुणाला घालायच्या, ते तरी ठाऊक आहे."