गवताच्या मशीनची वाजवी किंमत

शेठनी मशीनची किंमत पप्पांना विचारली, तेव्हा आमच्या घरी सगळ्यांना बरं वाटलं होतं. हे आधीच सांगते, कारण पुढे मी रागाने लिहिणार आहे आणि वाचणाऱ्याला वाटेल की आम्ही पहिल्यापासून शेठवर चिडून होतो. तसं नव्हतं.

पप्पा कडोदऱ्याच्या रस्त्यावरच्या एका पार्टी प्लॉटवर माळी होते. पार्टी प्लॉट म्हणजे लग्नं लावायचं मोठं लॉन. हिवाळ्यात रोज मांडव, रोज हजार माणसं, आणि त्यांच्या चपलांखाली जे हिरवं गवत असायचं ते पप्पांचं. ते कापायला शेठनी नऊ वर्षांपूर्वी एक मशीन आणलं. छोट्या ट्रॅक्टरसारखं, वर बसून चालवायचं, पोटाखाली पत्र्याचा गोल डबा आणि त्यात फिरणारी दोन पाती. पप्पा त्याला मशीन म्हणायचे नाहीत, गाडी म्हणायचे. नवागाममधल्या आमच्या गल्लीत बाकी सगळ्यांचे वडील कापडाच्या लूमवर उभे राहून काम करायचे. माझे वडील बसून काम करतात, असं मी शाळेत सांगायचे.

मागच्या वर्षी शेठच्या मुलाने ठरवलं की लॉन काढायचं आणि बॉक्स क्रिकेटसाठी खोटं गवत घालायचं. खोटं गवत वाढत नाही. म्हणजे मशीन नको आणि पप्पाही नकोत. पप्पांनी त्यावर एकच विचार केला. आजूबाजूला खऱ्या गवताची फार्महाऊस अजून पुष्कळ आहेत आणि तिथे माणसं हाताने ढकलायच्या मशीनने दिवसभर घाम गाळतात. ही गाडी आपली झाली, तर टेम्पोत घालून न्यायची, दोन तासांत गवत कापून द्यायचं. पन्नाशीच्या पुढे लूमवर कोणी नवीन माणूस घेत नाही. आमच्याकडे दुसरा रस्ता नव्हता.

शेठ गुजरातीत म्हणाले, "बहार वेचवा पहेलां तने आपुं. वाजबी भाव बोल. तारी छोकरी कॉमर्स भणे छे ने? एने पूछ." बाहेर विकण्याआधी तुला देतो, वाजवी भाव सांग, मुलीला विचार. पप्पांनी हे घरी येऊन तीनदा सांगितलं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. माझ्या शिक्षणाचं काम कोणाला तरी पडलं, हेही पहिल्यांदाच.

मी फार मन लावून ते काम केलं. वर्गात घसारा शिकवला होता. वस्तू दरवर्षी किती झिजली ते उरलेल्या किमतीतून वजा करत जायचं. शेठनी मशीन दोन लाख ऐंशी हजाराला घेतलं होतं. दरवर्षी पंधरा टक्के धरून नऊ वर्षांनी चौसष्ट हजार आठशे त्रेपन्न उरले. मला तो आकडा फार आवडला, कारण शेवटी त्रेपन्न होते. गोल आकडा अंदाजाने सांगितल्यासारखा वाटतो.

मग मोबाईलवर जुनी मशीनं शोधली. बंगळूरकडे तशाच एका मशीनला दीड लाख मागितले होते. मी घाबरत फोन लावला. तो माणूस हिंदीत म्हणाला, "मॅडम, है अभी, ले जाओ." किती दिवसांपासून आहे, विचारलं, तर म्हणाला, "डेढ साल से." तेव्हा मला कळलं की मागितलेली किंमत म्हणजे किंमत नव्हे. हे मी वहीत लिहूनही ठेवलं. शहाणपण आलं असं वाटलं.

रविवारी मी मशीन बघायला गेले. पप्पा एकेक गोष्ट हात लावून दाखवत होते. ओल्या गवताने खालचा डबा कुजला, तेव्हा त्याला नवीन पत्रा वेल्डिंग करून लावला. कंपनीची पाती महाग आणि यायला महिना लागायचा, म्हणून चलथाणला ऊसतोडीचे कोयते बनवणाऱ्या लोहाराकडून ट्रकच्या कमानपट्ट्याची पाती बनवून घेतली. लोहाराने पहिल्या दोन वेळा जड बनवली, गाडी थरथरायची, म्हणून पप्पा तिसऱ्यांदा गेले आणि दिवसभर त्याच्या भट्टीशेजारी बसून राहिले. सीट फाटली ती मम्मीने रेक्झिन आणून शिवली. पेट्रोल, ऑइल, पट्टे शेठचे. बाकी सगळं पप्पांच्या रविवारातून आलेलं.

"मग यात वाईट काय आहे?" मी विचारलं. किंमत काढायची तर खोडही लिहायला हवी.

पप्पांनी आधी सीटवरची धूळ पुसली. मग म्हणाले, "दसराले जिले हात जोडस, तिनी खोड कसी काढू?"

दरवर्षी दसऱ्याला ते गाडी धुवायचे, रंगाचा हात द्यायचे, हळदकुंकू लावून झेंडूची माळ घालायचे आणि त्या दिवशी तिला चालवायचे नाहीत. आमच्याकडे लूमवालेही तेच करतात. ज्याच्यावर पोट चालतं त्याला नावं ठेवायची नाहीत. मला ते पटलं. खरं तर मलाही त्या गाडीत वाईट दिसत नव्हतं. तिच्याविषयी वाईट लिहिणं म्हणजे पप्पांविषयी वाईट लिहिणं, असं काहीतरी माझ्या मनात होतं. मी स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'स्थिती: उत्तम. पत्रा, पाती, सीट नवी. नियमित देखभाल.' आणि उत्तम स्थितीचे तीस हजार वाढवून पंच्याण्णव हजारांना वाजवी किंमत म्हटलं. पप्पांना वाटलं, शेठ आपल्या माणसाला त्यातून थोडे सोडतील.

ऑफिसात शेठ नव्हते. त्यांच्या मुलाने कागद वाचला. तो माझ्यापेक्षा सातआठ वर्षांनी मोठा असेल. वाचताना त्याचा चेहरा खुलत गेला.

"काका, तमे तो नवा जेवुं राख्युं छे," तो म्हणाला. नव्यासारखं राखलंय. मग मला म्हणाला, "बेन, सरस लिखा है. मेरे को तो फोन पे एक वेपारीने पचास बोला था. मैं पचास में दे देता."

मी म्हटलं, "मग पन्नासच..."

"अब कैसे? तुमनेच लिखा ना, उत्तम." त्याने कागदाचा मोबाईलवर फोटो काढला. "काका के लिए पंचानवे. बाहर वाले को एक लाख दस बोलूँगा."

मी तरीही बोलले. मशीन चांगलं आहे ते पप्पांनी राखलं म्हणून, हे मी कसंबसं हिंदीत सांगितलं. पप्पांनी केलेल्या कामाचे पैसे पप्पांकडूनच कसे घेता?

तो चिडला नाही. त्याला खरंच प्रश्न कळला नसावा. "पगार तो आपता हता ने?" तो म्हणाला. पगार तर देत होतो ना. आणि आम्हाला चहा मागवला. तो चहा मी प्यायले, याचा मला अजून राग येतो.

घरी मम्मी साडीला टिकल्या लावत होती. सगळं ऐकून घेतलं आणि हातातली सुई न थांबवता म्हणाली, "गिऱ्हाइक व्हईसन मालनी तारीफ करस का कोणी? मी मेथीनी जुडी लेस तव्हय बी तिले नाव ठेवस." मेथी घेतानाही ती जुडीला नावं ठेवते; गिऱ्हाइकाने मालाची तारीफ करायची नसते.

"मम्मी, मी वाजवी किंमत काढत होते."

"हाव ना. काढी तू. आते भर." काढलीस ना, आता भर.

पप्पा म्हणाले, पोरीला बोलू नको. मम्मी म्हणाली, पोरीला नाही, बापाला बोलते आहे; दसरा करायचा असेल तर आपल्या वस्तूचा करावा, शेठच्या नाही.

पगार तर देत होतो ना. या वाक्याला उत्तर शोधण्यात माझे तीन दिवस गेले. पगार गवत कापायचा होता. लोहाराच्या भट्टीशेजारी बसायचा नव्हता. पप्पांनी नुसतं गवत कापलं असतं आणि पत्रा कुजू दिला असता, तर पगार तेवढाच मिळाला असता आणि आज मशीन भंगाराच्या भावात त्यांना मिळालं असतं. म्हणजे जो माणूस दुसऱ्याची वस्तू आपली समजून सांभाळतो, त्याला ती महाग पडते, आणि जो नासू देतो त्याला स्वस्त. मी हे कितीही वेळा उलटून पाहिलं, ते असंच निघालं.

कॉलेजात एका सरांना विचारलं. दुसऱ्याच्या वस्तूत आपण मेहनत घातली तर ती कोणाची? ते म्हणाले, आधी लिहून ठरलं नसेल तर मालकाची. मग त्यांनी वाजवी किमतीची व्याख्या सांगितली. घेणारा राजी, देणारा राजी, दोघांना सगळी माहिती आणि दोघांपैकी कोणावर जबरदस्ती नाही, तेव्हा जी ठरते ती. मी वहीत उतरवून घेतली. जबरदस्ती नाही, या शब्दांवर माझं पेन थांबलं. शेठच्या मुलाला मशीन आज विकलं काय आणि सहा महिन्यांनी विकलं काय. आम्हाला महिन्याअखेरीस पप्पांच्या हाताला काम हवं होतं. मग या व्याख्येत आम्ही बसतच नव्हतो. मी सरांना हे विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

मी दुसरा कागद लिहिला. पप्पांचा पत्रा, लोहाराची पाती, मम्मीची सीट वजा केली तर काय उरतं? कुजलेल्या डब्याचं, पाती नसलेलं मशीन. पस्तीस हजार. पप्पा नको म्हणत होते, शेठ वाईट मानतील म्हणाले, म्हणून मी एकटी गेले. शेठच्या मुलाने दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि हसला. "पंचानवे का पैंतीस? कॉलेज में ऐसा पढाते हैं?" मग म्हणाला, उद्या चलथाणहून एक जण बघायला येतोय, काकांना सांग, मशीन चालवून दाखवायचं आहे.

आपल्या हातातून जाणारं मशीन पप्पांनीच चालवून दाखवायचं. मी म्हटलं, जाऊ नका. पप्पा म्हणाले, अजून पगारावर आहे. गेले. मीही गेले.

चलथाणचा माणूस वयस्कर होता, त्याचं मोठं फार्महाऊस होतं. पप्पांनी उरलेल्या लॉनवर दोन फेऱ्या मारल्या. गवत इतकं एकसारखं कापलं गेलं की तो माणूस वाकून हात फिरवत राहिला. शेठही बाहेर येऊन उभे होते. मुलगा एक लाख दहा म्हणाला.

मग त्या माणसाने थेट पप्पांना विचारलं, "काका, आमां खोड शुं छे? साचुं कहेजो." यात खोड काय आहे, खरं सांगा.

पप्पांनी शेठकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. ते गाडीवरून उतरले आणि सांगू लागले. थंडीत सुरू होताना चोक अर्धाच ओढायचा, पूर्ण ओढला तर पेट्रोल भरून बंद पडते. रिव्हर्स घसरतो, म्हणून उतारावर मागे घ्यायची नाही. पाती दर दोन महिन्यांनी लोहाराकडे न्यायची, आणि तो एकच लोहार बरोबर वजनाची करतो. खालचा पत्रा डाव्या बाजूला पुन्हा पातळ झाला आहे. एकेक खोड, मोजून. जी त्यांनी स्वतःसाठी किंमत उतरवायला एकदाही उच्चारली नव्हती, ती परक्या माणसाने विचारल्यावर सगळी सांगितली, कारण नाही सांगितली तर तो फसला असता.

"पिस्तालीस," तो माणूस म्हणाला. पंचेचाळीस.

मुलगा घाईने म्हणाला, "काका भी साथे आवशे ने. अठवाडिये एक वार." आठवड्यातून एकदा काकाही बरोबर येतील. पप्पांना विचारलं नव्हतं. सीट, पत्रा, पाती आणि पप्पा.

त्या माणसाने पप्पांकडे बघून नमस्कार केल्यासारखं केलं, म्हणाला, मला मशीन हवं आहे, माळी माझ्याकडे आहे, आणि गाडीत बसून निघून गेला.

मला वाटलं, आता भाव लागला. उघड्यावर, सगळी माहिती सांगून, पंचेचाळीस. मी तेच म्हणायला पुढे झाले. पण शेठ आधी बोलले. ते पप्पांना म्हणाले की त्याला या मशीनची काही गरज नव्हती, म्हणून पंचेचाळीस. तुला यावर धंदा करायचा आहे, तुझ्यासाठी हे जास्त मोलाचं आहे. साठ दे आणि घेऊन जा.

म्हणजे गरज आहे म्हणूनही महाग. मी तोंड उघडलं तोवर पप्पांनी मान हलवली होती.

साठ हजार मम्मीच्या भिशीचे आणि माझ्या कॉलेजच्या पुढच्या वर्षासाठी ठेवलेल्यातले होते. पावती मला लिहायला सांगितली, कारण माझं अक्षर चांगलं. मी लिहिलं, 'जुने गवत कापायचे मशीन, आहे त्या स्थितीत, साठ हजार रुपये.' मग हात थांबला आणि मी त्याखाली लिहिलं, 'मशीनला लावलेला पत्रा व पाती घेणाऱ्याची स्वतःची असून या किमतीत धरलेली नाहीत.'

मुलाने मराठी अडखळत वाचलं. "इससे क्या होगा?"

"काही नाही," मी म्हटलं. "खरं आहे म्हणून लिहिलं."

"तो सीट भी लिखो. काकीने सिलाई की है ना." तो चेष्टा करत होता.

मी सीटही लिहिली. त्याने सही केली, शेठनी केली, पप्पांनी सावकाश केली. किंमत साठ हजारच राहिली. ती वाजवी नव्हती.