दगडाखालचं लेकरू

मंडळी, आज हसनाबादला येशूच्या सुवार्तेच्या पुस्तिका वाटायला निघाल्तो. बोरं दिसली म्हणून वाट सोडली अन् ओढ्याकाठी पोचलो. तिथं एक बाई दगडावर दूध ओतत होती.

मी लगेच सुरू झालो, "बाई, दगडाला पाजू नका. देवाचा कोप होईल."

तिनं वरही पाह्यलं न्हाई. "दादा, खाली माझं लेकरू हाय. आज तिसरा दिवस. दुष्काळी कामावर खडी फोडून माझं दूध आटल्तं. उपाशीच गेलं."

मंग म्हणाली, "तुमचा देव त्याच्यावरबी कोपला का?"

"न्हाई माय," एवढंच बोललो. तिच्याजवळ बसून रडलो.

आपल्या मित्राच्या कबरीपाशी येशू रडला, हे मी गावोगाव सांगतो. मंग आज मला आधी बोलायची एवढी घाई का झाली?